फुलपाखरांची बाग: परड्यात करावी की कॉलनीच्या मोकळ्या जागेत?

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की आधी रंगीत फुलांची रोपं आणली जातात. फुलं हवीतच, पण त्यांतून नुसता मध मिळतो. मादी अंडी घालते ती सुरवंट खाईल अशाच झाडावर, आणि ही झाडं ठरलेली असतात. लाइम आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांना लिंबू नि कढीपत्ता लागतो, प्लेन टायगरला रुई, टेल्ड जेला खोटा अशोक किंवा सोनचाफा, कॉमन क्रोला कण्हेर, वड, उंबर. म्हणून जागा निवडताना आधी बघायचं ते हे, की कुरतडलेली पानं कुठे खपतील आणि चैत्र-वैशाखात पाणी कोण घालेल.

या दोन्हींत परडं वरचढ ठरतं. रोज डोळ्यांसमोर असल्यानं अंडी दिसतात, पाणी चुकत नाही, फवारणी आपल्या हातात राहते. 5-6 तास ऊन पडणारी जागा आणि 14 ते 18 इंची कुंड्या पुरतात. माती दोन भाग, शेणखत एक भाग, वाळू एक भाग. कढीपत्ता एक नको, दोन लावा. दोन फुटांचं झाड पाच-सहा सुरवंट सहज ओकंबोकं करतात. ते मरत नाही, पाणी चालू ठेवलं तर पुन्हा फुटतं. तोवर फोडणीला आणि पुढच्या अंड्यांना दुसरं असतं. लाइमला अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो, तेवढ्या काळात छाटणी करू नये, नाहीतर कोष फांदीसकट कचऱ्यात जातो.

रुई कुंडीत रमत नाही, तिची मुळं खोल जातात. कुंडीसाठी हळदीकुंकू बरं. ते मूळचं परदेशी असलं तरी प्लेन टायगर त्यावर आनंदानं अंडी घालतो. पिवळा मावा पडतो. तो पाण्याच्या धारेनं किंवा बोटानं काढायचा, मात्र त्याआधी पानाच्या मागे अंडी आहेत का ते बघून. दोन्हींचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

घरच्या बागेत सुरवंट मरण्याचं मोठं कारण औषध असतं. नर्सरीतल्या रोपात आतून भिनणारं कीटकनाशक असेल, तर ते पान खाऊन सुरवंट काळा पडून गळतो. नवं रोप आणलं की काही आठवडे जाळीत किंवा आडोशाला ठेवा आणि बरीच नवी पालवी येऊ द्या. निंबोळी तेल सेंद्रिय म्हणून निर्धास्त मारलं जातं, पण त्यानं सुरवंटही जातात. निपाणी भागात तंबाखूचा काढा हाताशी असतो. तो तर थेट विषच.

मोकळ्या जागेची ताकद वेगळी आहे: झाडं. बहावा (कॉमन एमिग्रंटसाठी), करंज (फुलोरा मधमाश्यांसाठी), उंबर, बोर, कडेला रुई. खड्डा दोन-दोन फुटांचा आणि मोठ्या झाडांत 15 ते 20 फूट अंतर. उंबर भिंतीपासून आणि पाइपलाइनपासून लांबच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या जांभ्या दगडात खड्डा पाणी धरून बसतो, आषाढात मुळं कुजतात. तिथे रोप थोड्या उंचवट्यावर लावा. अथणीच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, बुंध्याभोवती पाल्याचं आच्छादन लागतंच.

तरीही सगळी जमीन आच्छादू नका. कित्येक एकट्या राहणाऱ्या मधमाश्या उघड्या मातीत बीळ करतात, त्यांना दोन-तीन हातांचा उन्हातला कोरा पट्टा हवा. भुंग्यासाठी एखादं वाळकं लाकूड किंवा बांबू टाकून ठेवा. वांग्या-टोमॅटोचं फूल गुंजारवानं हलवून पराग पाडणं भुंग्याला जमतं, सातेरी मधमाशीला नाही. शेजारी भाजीचे वाफे असतील तर हा फायदा दिसेल.

सार्वजनिक जागेचं घोडं अडतं ते माणसांपाशी. पहिले तीन उन्हाळे दर रोपाला आठवड्यातून दोनदा 10-15 लिटर पाणी लागतं. 'सगळे मिळून घालू' म्हटलं की मे महिन्यात कुणीच घालत नाही. शेळ्या बहाव्याचा शेंडा खातात, डासांच्या धुराची गाडी फिरते. आणि टाकळ्यावर सुरवंट असतात नेमक्या त्याच श्रावण-भाद्रपदात गवत कापायचं यंत्र येतं. जागेचा मालक कोण, ग्रामपंचायत की महापालिका, हे पाहून लेखी परवानगी घ्या, आणि कापणी अर्धी-अर्धी, तीन आठवड्यांच्या अंतरानं करायची असं गवत कापणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

पाण्याची जबाबदारी घेणारी दोन नावं आणि जवळ बोअर असेल तर मोकळी जागा घ्यावी, कारण बहावा नि उंबर कुंडीत होत नाहीत. नसेल तर परडंच. गच्ची असली तरी चालेल, वारा अडवायला कठड्याला हिरवी जाळी बांधून.

फुलांचं दोन्हीकडे सारखंच: एकेरी पाकळ्यांची घ्या. दुहेरी झेंडूत सोंडेला मधापर्यंत वाट मिळत नाही. पेंटास, पेंडगुळ, सदाफुली चालतात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या न खुडता एका कुंडीवरच्या राहू द्या, फुलोरी मधमाश्या तिथेच येतात. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण ती रानात पसरून बाकीचं झुडूप मारते, मोकळ्या जागेत मुळीच लावू नका. पाण्यासाठी उथळ ताटात ओली वाळू आणि चिमूटभर मीठ ठेवा. पाणी वर तरंगलं की डास होतात.