चारचा चहा: बशीत मारी, फुटाणे की दाणे?

मधुमेह निघाला की घरात पहिली कुऱ्हाड चहातल्या साखरेवर पडते. माणूस तोंड वाकडं करून फिका चहा पितो आणि त्यात चार मारी बुडवून खातो. 'हलकी असतात ती.'

जरा हिशेब मांडू. दीडशे मिली चहा, त्यात निम्मं दूध. दुधाची स्वतःची साखर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. वरून सपाट चमचाभर साखर घातली तर आणखी 4-5 ग्रॅम. चार मारीत मात्र 16-17 ग्रॅम कर्बोदकं, बरीचशी मैद्याची. तेव्हा आधी बशीकडे बघा. (दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे असतील, तर मात्र कपाकडेच.) गुळाचा चहा चवीसाठी प्यावा, रक्ताच्या लेखी गूळ म्हणजे बहुतांशी साखरच.

आता गंमत अशी, की मूठभर म्हणजे 30 ग्रॅम फुटाण्यांतही कर्बोदकं जवळपास मारीइतकीच. पण सोबत प्रथिनं आणि चोथा असतो, त्यामुळे साखर सावकाश चढते. सालं पाखडून टाकू नका, चोथा तिथंच आहे. तेवढ्याच शेंगदाण्यांत कर्बोदकं जेमतेम 5 ग्रॅम, पण कॅलरी 170च्या घरात, आणि दाणे एका मुठीवर कधी थांबत नाहीत. वजन उतरवायचं असेल तर मी फुटाणे म्हणेन. खाल्ल्यावर आकडा उसळत असेल तर मोजून दाणे.

खारी गोड नसते म्हणून फसवते. आत मैदा आणि वनस्पती तूपच. चुरमुरे वजनाला हलके, पण साखर भराभर वाढवतात. भेळच हवी तर मोडाचे मूग, कांदा, दाणे जास्त आणि चिंचगुळाची चटणी नको. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, उपवास असला तरी.

गरम काही प्यायचंच असेल तर पावसाळ्यात माझं मत कुळथाच्या कढणाला: लसूण-जिऱ्याची फोडणी, मीठ, बास. पोटालाही आधार होतो. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास कडधान्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. ऑफिसातल्या यंत्राच्या चहात बहुधा साखर आधीच मिसळलेली असते, त्यापेक्षा कोरा किंवा गवती चहा बरा.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि हात थरथरून घाम फुटला, साखर 70च्या खाली दिसली, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथं फुटाणे कामाचे नाहीत. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

एरवी ठरत नसेल तर एक दिवस मारी, दुसऱ्या दिवशी फुटाणे, चहा तोच. दोन्ही दिवशी खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. चार स्ट्रिप जातील, पण घरातला वाद मिटेल.