१२०० ची काच आणि दहा रविवार

आर्किटेक्चरच्या थीसिसला डिस्टिंक्शन, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात, आणि ऑफिसातल्या पहिल्याच बंगल्यात मी बाथरूमची रुंदी धरली १२०० मिलिमीटर. विटेपासून विटेपर्यंत. शॉवरची टफन्ड काचही १२०० चीच मागवली. दोन्हीकडून प्लास्टर आणि टाइल चढल्यावर जागा उरली ११३०. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, हे मला काचवाल्याने सांगितलं. ती अजून ऑफिसच्या जिन्याखाली उभी आहे.

म्हणून पुण्यातला हा वर्किंग ड्रॉइंगचा, म्हणजे साइटवर ज्यावरून बांधतात त्या नकाशांचा, वर्ग लावला. दहा रविवार, १४,००० रुपये, वीसेक मुलं.

पहिल्या दिवशी लॅपटॉप बंद. सर म्हणाले, पहिल्या मजल्यावरच्या बाथरूमचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा, हाताने. आमच्यातल्या बहुतेकांनी बाथरूमचा स्लॅब बेडरूमच्याच लेव्हलला काढला. ‘मग नहाणी ट्रॅप, जमिनीतलं पाणी जायचं ते भांडं, काय खालच्यांच्या पंख्यावर बसवणार?’ सरांनी विचारलं. नहाणी हा आपल्या आजीचा शब्द, परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती. पण त्याच्यासाठी स्लॅब खाली सोडावा लागतो, हे त्या दिवशी पेन्सिल अडली तेव्हा डोक्यात शिरलं. पुढच्या रविवारी साइटवर मिस्त्रींनी वॉटरप्रूफिंगच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे भिंत-जमिनीच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई, कसा मारतात ते दाखवलं, आमच्याकडून मारून घेतला आणि तीनदा उकरायला लावला. फीचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल.

मंजुरीचा भाग मात्र उरकला. २०२० ची यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली, एका दुपारात! निवासी बांधकामाला ६० टक्के अ‍ॅन्सिलरी एफएसआय (मूळ चटईक्षेत्राच्या वर मिळणारं जादा क्षेत्र), एवढं लिहून घेईपर्यंत चहा आला. बिलं तपासणं, कंत्राटदाराशी पत्रव्यवहार यांचं तर नावच नाही, आणि माझा निम्मा दिवस त्यातच जातो.

शिवाय ‘कॉलेजात तुम्हाला काहीच शिकवलं नाही’ हे सरांचं पालुपद. पाचव्या रविवारी मला ते सोसेना. कॉलेजने मला ऊन कुठून येतं ते बघायला शिकवलं. सरांनी कौतुकाने दाखवलेल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर पश्चिमेला, वर छज्जा नाही. मी बोलले तसं. सर हसले, पण पुढच्या वेळी तो फ्लॅट दाखवला नाही.

पाचपैकी साडेतीन. इंटर्नशिपच्या आधी केलात तर चार. आठव्या रविवारी जुन्या चपला घाला, गच्चीवर टेस्टिंगचं पाणी भरलेलं असतं.