अॅडव्हान्स्ड सर्चचा फॉर्म की हाताने टाकलेले ऑपरेटर?

गेल्या पावसाळ्यात चोपड्याहून काकांचा फोन आला, केळीवर हरण्या दिसतोय, 2020 मध्ये काय सल्ले दिले होते ते जरा शोध. हरण्या म्हणजे आपल्याकडचा सीएमव्ही, केळीवरचा विषाणूजन्य रोग, मावा पसरवतो तो. मी गुगलला नुसतं हरण्या टाकलं तर स्क्रीनभर हरणं चरायला लागली.

अशा वेळी दोन रस्ते. एक म्हणजे गुगलचं अॅडव्हान्स्ड सर्चचं पान, दुसरं म्हणजे शोधाच्या पट्टीतच हाताने ऑपरेटर, म्हणजे शोध नेमका करणारी छोटी चिन्हं नि शब्द. फॉर्म वाईट नाहीच. नेमका शब्द, वगळायचा शब्द, साइट, पीडीएफच हवी का, सगळ्याला वेगळी चौकट, आणि शोध मारला की त्याचेच ऑपरेटर होऊन पट्टीत दिसतात, म्हणजे नवख्याला फुकटची शिकवणी. महिन्यातून एखाद्या वेळी शोधणाऱ्याला मी बहुतेक तोच सांगेन.

मला नडली ती तारखेची चौकट. 24 तास, आठवडा, महिना, वर्ष, बस्स! मला हवा 2020 चा पावसाळा आणि हा गडी एका वर्षामागे जायलाच तयार नाही. दोन-तीनदा मागेपुढे केलं, दरवेळी सगळं परत भरा, तेवढ्यात काकांचा पुन्हा फोन, "सापडनं का नही भो?" मग वैतागून पट्टीतच टाकलं, "हरण्या" अवतरणात, पुढे केळी, मग आफ्टर कोलन 2020-06-01, बिफोर कोलन 2020-12-31. ऑपरेटर इंग्रजी अक्षरांतच लिहायचे हां. हरणं गेली, केळीच्या बातम्या आल्या. फक्त सरकारी साइट्स बघाव्यात म्हणून साइट कोलन जीओव्ही डॉट इन लावल्यावर मात्र फार काही हाती लागलं नाही, ते काढल्यावरच काम झालं. तारखाही गुगल स्वतःच्या अंदाजाने धरतं, तेव्हा पान उघडून एकदा बघून घ्यावं.

ऑपरेटरचेही नखरे आहेत. कोलननंतर स्पेस पडली की खेळ खलास, आणि मोबाइलचा कीबोर्ड ती स्पेस हमखास घुसवतो. त्यात मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलत बसा. अवतरणाचा तर आपल्या मराठीत वेगळाच घोळ, "केळी" टाकलं तर केळीवरील, केळ्यांचे हे त्यात धरेलच असं नाही. खान्देश लिहिणारे निम्मे आणि खानदेश लिहिणारे निम्मे, तिथे दोन्ही टाकून मधे कॅपिटलमध्ये ओआर, म्हणजे 'किंवा', लागतं. शिवाय शिकलेलं कायम टिकतं असंही नाही, नेमका शब्द मागणारा प्लस 2011 ला गेला, पानाची गुगलने साठवलेली प्रत दाखवणारा कॅश 2024 ला.

तरी मी आता फॉर्मकडे फारसा जात नाही. ती हरण्याची ओळ मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवलीये, काकांनी विचारलं की फक्त तारखा आणि रोगाचं नाव बदलतो.