जीआर थ्री, पंधरा महिने, डोंबिवली ते सीएसएमटी

रिकोचा जीआर थ्री हा कॅमेरा घेऊन मला आता पंधरा महिने झाले. त्यातल्या दुसऱ्याच महिन्यात मी तो विकायला काढला होता हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कौतुक करायला लागले की "पैसे घातलेत म्हणून बोलतेय" असं कोणी म्हणायला नको. जाहिरातीसाठी काढलेले कॅमेऱ्याचे फोटो अजून फोनमध्ये आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. घरी एक डीएसएलआर होता, लग्नानंतर दोघांनी हौसेने घेतलेला, दोन लेन्स, चार्जर, एक मोठी काळी बॅग. ती बॅग कपाटावर गेली ती गेलीच. तीन पावसाळ्यांनंतर खाली काढली तर मोठ्या लेन्सच्या आत पांढरी जाळी, म्हणजे बुरशी. मुंबईच्या हवेत बंद बॅगेत लेन्स ठेवली की हे होतंच, आता मला माहितेय, तेव्हा नव्हतं. तर तेव्हाच ठरवलं की पुढचा कॅमेरा कपाटात जाणारच नाही असा घ्यायचा, रोज पर्समध्ये राहील असा.

आणि त्या एका बाबतीत याला तोड नाही. बॅटरी-कार्ड धरून २५७ ग्रॅम. पाव किलो गवारीएवढं वजन! डबा, पाण्याची बाटली, छत्री यांच्यात तो आहे हेच कळत नाही. आणि एवढ्याशा देहात सेन्सर (उजेड टिपून फोटो बनवणारा भाग) मात्र एपीएस-सी, म्हणजे माझ्या त्या बॅगेतल्या धुडात होता त्याच मापाचा. खिशातले बाकीचे चांगले कॅमेरे बहुतेक एक इंची सेन्सरवाले असतात, हा क्षेत्रफळाने त्यांच्या तिपटीहून मोठा. २४ मेगापिक्सेल, डीएनजी म्हणजे कच्ची, संस्कार न केलेली फाइल थेट कॅमेऱ्यातूनच मिळते. मॉडेल २०१९ चं आहे म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं पण फोटो बघून तसं काही वाटत नाही.

मग विकायला का काढला? तर याच्यात काय काय नाहीये ते मला घेताना नुसतं माहीत होतं, कळलं नव्हतं. झूम नाही. डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. फ्लॅश नाही (याच्या आधीच्या जीआर टूमध्ये होता, इथे काढला). स्क्रीन वळत नाही. लेन्स एकच, १८.३ मिमी एफ/२.८ (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात २८ मिमी. आणि २८ म्हणजे रुंद. मी आपली सवयीने लांबून फोटो काढायची, आणि घरी येऊन बघितलं की सगळे फोटो सारखेच, मधे एवढीशी माणसं आणि भोवती भरपूर काहीच नाही. गाडीत तर त्याहून वाईट. संध्याकाळची परतीची लोकल, डब्यात पिवळट उजेड, समोर कोणीतरी मस्त हसतंय, मी बटण अर्धं दाबणार, फोकस लागून स्क्रीनवरचा चौकोन हिरवा व्हायची वाट बघणार, तोवर ती बाई हसून, गप्प होऊन, डोळे मिटून झोपलेली. महिनाभर हेच. शेवटी पुण्याच्या मावसभावाला फोन केला, त्याच्याकडे फुजीचा एक्स १०० व्ही आहे, म्हटलं दादा तूच घे हा नाहीतर जाहिरात टाकते.

दादा म्हणाला, "घेतो की. पण स्नॅप वापरून बघितलंस का?" मी म्हटलं ते काय असतं. फोनवर दोन मिनिटं शांतता. मग म्हणाला, "अगं बाई, त्याच्यासाठीच लोक हा कॅमेरा घेतात."

तर स्नॅप फोकस. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते हा कॅमेरा घ्यायचा की नाही याचं उत्तर इथेच आहे. कॅमेऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की फोकस अमुक अंतरावर धर. ०.३, १, १.५, २, २.५, ५ मीटर आणि अनंत, यातलं एक निवडायचं. मग बटण एका दमात पूर्ण खाली दाबलं की तो काही शोधत बसत नाही, त्या अंतरावर फोटो काढून मोकळा. बटण अर्धं दाबलंत तर नेहमीसारखा ऑटोफोकस. दोन्ही एकाच बोटात, मेन्यूत फुल प्रेस स्नॅप म्हणून आहे ते फक्त चालू करायचं.

आता वाटेल की अंतर चुकलं तर? इथेच ती छोटी रुंद लेन्स कामाला येते. लेन्स जितकी रुंद आणि छिद्र जितकं बारीक तितकं पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं. एफ/८ आणि अडीच मीटर ठेवलं तर साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं असतं. म्हणजे दिवसा रस्त्यावर फोकस हा विषयच संपला. गाडीत उजेड कमी म्हणून मी एफ/५.६ आणि दीड मीटर ठेवते, त्यात एक मीटर ते पावणेतीन मीटरच्या आसपास सगळं येतं, आणि लेडीज डब्यात समोरासमोरच्या दोन बाकड्यांचं जग तेवढंच असतं. समोरच्या बाकावरची माणसं, दारातल्या दोघी, बसल्या त्या अंतरात. मी चक्क घरातल्या शिवणाच्या टेपने दीड मीटर मोजून बघितलं, हॉलमध्ये सोफ्यापासून टीव्हीच्या अलीकडपर्यंत. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या पडदे बदलतेयस का.

पाचव्या महिन्यापर्यंत ते अंतर डोळ्यात बसलं. हे मात्र खरं की तोवर बरेच फोटो वाया गेले, आणि ज्यांना पहिल्या दिवसापासून सगळे फोटो नीट हवेत त्यांनी फोनच वापरावा, मनापासून सांगते.

नवरात्रात याचं चीज झालं. आमच्या डब्याचा ग्रुप आहे, नऊ दिवसांचे नऊ रंग, आदल्या रात्री ग्रुपवर चर्चा की हा मोरपंखी का तो मोरपंखी. डब्यात चढलं की सगळ्या एका रंगात, त्यात गाडी हलतेय, वर हँडल झुलतायत, कोणी कोणाचा पदर नीट करतंय, कोणी उभ्या उभ्या गजरा वाटतंय. दर वर्षी फोनवर फोटो निघतात ते ओळीत उभं राहून, एक दोन तीन हसा. या वेळी मी कॅमेरा छातीपाशी धरून नुसती क्लिक करत होते, स्क्रीनकडे न बघता. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लावून आरती करतात तेव्हाही तेच, एका हातात प्रसादाची पिशवी आणि एका हातात कॅमेरा. एका हाताने सगळं होतं हे कागदावर बारीक वाटेल, पण उभ्याने दांडी धरून प्रवास करणाऱ्या बाईला विचारा. पंधरा महिन्यांतला माझा सगळ्यात आवडता फोटो त्यातलाच, आरतीचं ताट पुढे आलंय आणि मागे खिडकीशी एकजण निवांत मेथी निवडतेय, दोघी स्पष्ट.

एक गोष्ट विषय निघालाच म्हणून. कॅमेरा लहान आहे, आवाज जवळजवळ नाही, म्हणून कोणाचाही गुपचूप फोटो काढायचा परवाना मिळत नाही. मी ग्रुपवर आधी विचारलं, आणि ज्या नको म्हणाल्या त्यांच्या दिशेला कॅमेरा करत नाही. एक ताई तर आधी "माझा नको गं, केस बघ माझे" म्हणायच्या, त्याच आता स्वतःहून "आज नाही आणलास का" विचारतात.

रविवारी सकाळी दादरच्या फुलबाजारात जाते कधीकधी. तिथे २८ मिमीने मला शिस्त लावली, जवळ गेल्याशिवाय फोटोच होत नाही, आणि जवळ गेलं की फुलवाला विचारतो "ताई, घ्यायचंय का नुसते फोटो?" मग घ्यावं लागतं. या कॅमेऱ्याचा चालू खर्च म्हणजे शेवंती, असं आमचे हे म्हणतात. मॅक्रोत लेन्सपासून ६ सेंटीमीटरपर्यंत जाता येतं, फुलांना, रांगोळीला, उकडीच्या मोदकाच्या कळ्यांना फार छान.

रंगांबद्दल. पॉझिटिव्ह फिल्म नावाचं सेटिंग आहे, मी जवळजवळ तेच लावून ठेवलंय. हाय कॉन्ट्रास्ट ब्लॅक अँड व्हाइट पण आहे, पावसाळ्यात फलाटावर छत्र्यांची गर्दी त्यात बघावी. लॅपटॉप मी उघडतच नाही, कॅमेऱ्यातच डीएनजी डेव्हलप करता येते, डोंबिवली येईपर्यंत दोन-तीन करून होतात.

अंधारात कसा आहे? आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा) ३२०० पर्यंत मी डोळे झाकून जाते, ६४०० ला दाणे दिसतात पण मला ते चालतात. आतलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही, हा गोंधळ बऱ्याच जणांचा असतो आणि माझाही होता. मुलगी नाचतेय आणि शटर १/३० सेकंद असेल तर फोटो हलणारच. ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर ठरवायची सोय आहे, तिथे १/१२५ टाकून ठेवा. भर उन्हात उलटा प्रश्न येतो, उजेड जास्त होतो, त्यासाठी आत दोन स्टॉपचा एनडी फिल्टर आहे, म्हणजे उजेड पाव करणारी गडद काच, मी चौपाटीवर एकदाच वापरला.

आता बॅटरी. कंपनी स्वतःच एका चार्जला २०० फोटो सांगते, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार. मी दोन जादा घेतल्या, एक पर्समध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. यूएसबी-सी आहे त्यामुळे फोनच्याच पॉवर बँकेवर चार्ज होतो. २ जीबी आतली मेमरी आहे, कार्ड घरी लॅपटॉपमध्ये विसरलं त्या दिवशी तिने लाज राखली.

धूळ. हे मात्र नीट वाचा. लेन्स आत-बाहेर होणारी आहे आणि पाणी-धूळ रोखणारं सीलिंग या कॅमेऱ्याला नाही, कंपनी तसा दावाही करत नाही. असं असताना मी तो तीन महिने उघडाच पर्समध्ये टाकत होते, जिथे खारे शेंगदाणे, पावडरची डबी आणि २०१६ पासूनची तिकिटं राहतात. व्हायचं तेच झालं, आकाशाच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका. लेन्स निघत नाही त्यामुळे आपण घरी फुंकर मारून काही करू शकत नाही. मेन्यूत सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय आहे, ती पाच वेळा चालवली, ठिपका जागचा हलला नाही. फोर्टमधल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला, ते काका म्हणाले पूर्ण उघडावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की मी पर्स बंद करून चहा प्यायला गेले. एफ/५.६ ला तो ठिपका दिसतच नाही, एफ/११ च्या पुढे दिसतो, आणि एफ/११ च्या पुढे मला काही काम नसतं. तसाच ठेवलाय. आता सासूबाईंनी खणाची छोटी पिशवी शिवून दिलीय, आतून चष्म्याच्या पुसण्याचं कापड लावून, नाडी ओढली की बंद. डब्यात तीन जणींनी कुठून घेतली विचारलं. कॅमेरा कितीचा ते एकीनेही विचारलं नाही.

पावसाळ्यात पिशवीवरून झिपची प्लास्टिक पिशवी, रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. मागच्या लेन्सची आठवण आहे अजून.

दादाचा एक्स १०० व्ही आठवडाभर वापरून बघितला, म्हणजे अदलाबदल केली. व्ह्यूफाइंडर काय सुंदर आहे त्याचा, उन्हात तर मला हेवा वाटला. एफ/२ लेन्स, ३५ मिमीचा कोन, फोटोत माणसं लगेच नीट बसतात. पण ४७८ ग्रॅम, आणि पर्समधून काढला की सगळा डबा वळून बघतो. दादाचं उलट झालं, त्याला माझ्या कॅमेऱ्यावर उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून चिडचिड झाली, सातव्या दिवशी "हे घे बाई तुझं खेळणं" म्हणून परत केला. ज्यांना २८ फार रुंद वाटतं त्यांच्यासाठी २०२१ मध्ये आलेला जीआर थ्री एक्स आहे, ४० मिमीचा, बाकी जवळपास हाच. माणसांचे चेहरेच काढायचे असतील तर तो घ्या, पण गाडीच्या डब्यात ४० ला मागे सरकायला जागा कुठाय?

मुलांचं गॅदरिंग, स्टेजवरचा नाच, पक्षी, क्रिकेट यासाठी हा घेऊन फसू नका. मुलीच्या गॅदरिंगला मी पाचव्या रांगेत होते, फोटोत पडदा छान आलाय. त्यासाठी सोनीचा आरएक्स १०० मार्क सेव्हन बघा, २४ ते २०० मिमी झूम, तोही खिशात बसतो. व्हिडिओ यात फक्त फुल एचडी आहे, मी दोनदा काढला असेल.

कोणीतरी सेटिंग विचारणारच म्हणून लिहून ठेवते. यू १, २, ३ म्हणजे डायलवर आपली सेटिंग साठवायच्या जागा. यू १ वर गाडी: एफ/५.६, स्नॅप दीड मीटर, ऑटो आयएसओ कमाल ६४००, शटर १/१२५. यू २ वर रस्ता: एफ/८, अडीच मीटर. यू ३ वर ब्लॅक अँड व्हाइट, पावसासाठी. दादा अजून अधूनमधून विचारतो, जाहिरात टाकणार होतीस त्याचं काय झालं. मी त्याला मेथीवालीचा फोटो पाठवते.