ट्रायकोकार्ड: उसात हंगामभर वापरल्यानंतर

ट्रायकोकार्ड म्हणजे किडीच्या अंड्यांचं कार्ड, ज्या अंड्यांत ट्रायकोग्रामा ही बारीक परोपजीवी माशी वाढत असते. कार्ड चांगलं की वाईट, हे दुय्यम. खोडकिडीचा किंवा कांडी किडीचा पतंग अंडी घालतोय त्याच दिवसांत कार्डातून माश्या बाहेर आल्या तरच उपयोग. ट्रायकोग्रामा पतंगाच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. अळी एकदा खोडात शिरली की माशी काही करू शकत नाही. म्हणून आधी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावायचे, आणि त्यांत पतंग सापडू लागले की पहिलं कार्ड.

मात्रा हेक्टरी 50,000 अंडी, म्हणजे 20,000 अंड्यांचं कार्ड एकरी साधारण एक, दर दहा दिवसांनी. एकदाच लावून "फरक पडला नाही" म्हणण्यात अर्थ नाही. माशी जेमतेम अर्धा मिलिमीटरची, फार तर काही मीटर उडते आणि मोजके दिवस जगते. त्यामुळे कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर पसरायच्या, कडेच्या चार सऱ्यांत उरकायचं नाही. पट्टी पानाच्या खालच्या बाजूला संध्याकाळी स्टेपल करायची. अंड्यांवरून बोट फिरवलं की ती गळतात.

घात बहुतेक वेळा मुंग्या करतात. पट्टीवरची अंडी रातोरात साफ! म्हणून माश्या निघायच्या आदल्या दिवशीच पट्ट्या लावाव्यात, तेवढा वेळ मुंग्यांना मिळत नाही. कार्ड लगेच लावायचं नसेल तर फ्रिजमध्ये 8 ते 10 अंशांवर ठेवावं, फ्रीझरमध्ये नाही. पण फार दिवस ठेवलेल्या कार्डातून माश्या कमी निघतात आणि निघालेल्याही दुबळ्या असतात. उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत राहिलेलं कार्ड सरळ फेकून द्यावं.

तपासणी सोपी आहे. कार्डाचा छोटा तुकडा काचेच्या नळीत ठेवून तोंड कापसाने बंद करायचं. तीन-चार दिवसांनी भिंगातून पाहिलं की काळ्या अंड्यांना बारीक भोकं दिसतात. बहुतेक अंड्यांना भोकं नसतील तर पुढचं कार्ड दुसरीकडून घ्या. शेतात पाहताना मात्र फसगत होते: अळी निघायच्या बेतातल्या निरोगी अंड्यातही काळा ठिपका दिसतो, तो तिच्या डोक्याचा. माशी आत वाढत असलेलं अंडं सबंध काळं असतं.

पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक फवारायचं असेल तर कार्ड लावू नका, पैसे वाया. उसातला लोकरी मावा किंवा हुमणी यांच्यावर याचा शून्य परिणाम.