परभणीच्या थंडीत गाडीवर जाणाऱ्यांनी आधी हँडल कव्हर शिवून घ्या

हिवाळ्यात ज्याला सकाळी सकाळी गाडीवर निघावं लागतं त्यानं सगळ्यात आधी हँडल कव्हर (मूठ अन लिवर झाकणारी पिशवी, जिच्यात हात घालून गाडी चालवायची) घ्यावेत, ग्लोज, जॅकेट, स्वेटर सगळं नंतर. अन ते पण ऑनलाईनचे नाही, आपल्या गावातल्या सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतलेले. मी दोन्ही वापरलेत म्हणून दोन्हीबद्दल लिहितो, शेवटपर्यंत वाचा म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

मी जिनिंगमधे कामाला आहे, परभणीहून मानवतला. कापसाचा सीजन अन थंडीचा सीजन एकच, आणि सकाळच्या शिफ्टला अंधारातच निघावं लागतं, तीस-पस्तीस किलोमीटर स्प्लेंडरवर. परभणीची थंडी काय असते हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं मराठवाडा म्हणजे बाराही महिने ऊन. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाचा आकडा सकाळी व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा ६ अंश, ५ अंश, कधी त्याच्याही खाली असतो, निफाड अन परभणीची चढाओढच चालते म्हणा. आकाश निरभ्र, हवा कोरडी, दिवसा तापलेली जमीन रात्रीतून पार गार पडते. दुपारी तिथंच २८-३० अंश. म्हणजे सकाळी हुडहुडी अन दुपारी शर्ट घामानं ओला, गाडीवाल्याची खरी पंचाईत इथं होते.

अन हा आकडा उभ्या माणसाचा आहे. गाडीवर वारं लागतं त्याचा हिशोब वेगळा, हवामानवाले ज्याला विंड चिल म्हणतात त्या हिशोबानं ६ अंशात ६० च्या स्पीडचं वारं उघड्या कातडीला लागलं की शून्याच्या आसपास जाणवतं. पाथरी रोडला कॅनॉलच्या पाण्यावरची ओली शेतं लागली की तर गारठा अजूनच अंगावर येतो, ते त्या रोडनं रोज जाणाऱ्याला माहिती आहे. सगळ्यात आधी बोटं जातात. कारण सरळ आहे, अंग गार पडायला लागलं की शरीर रक्त आत छाती-पोटाकडं राखून ठेवतं अन बोटांचं कमी करतं. हँडलवर तर मूठ कायम वाऱ्यात. बोटं आखडली की ब्रेक उशिरा दाबल्या जातो, क्लच नीट सुटत नाही, अन नेमका हाच उसाचा पण सीजन, पुढं बिनालाईटच्या, बिना रेडियमच्या ट्रॉल्या धुक्यात अचानक समोर येतात. त्यामुळं मी याला सोयीची वस्तू म्हणत नाही, ब्रेक जितका महत्त्वाचा तितकंच हे.

आता ग्लोजबद्दल. पातळ घेतले तर वारं आरपार, जाड घेतले तर इंडिकेटरचं बटन सापडत नाही अन लिवरवर पकड बसत नाही. चांगले विंडप्रूफ रायडिंग ग्लोज असतात, चांगलेच असतात, पण ते दोन-तीन हजाराच्या घरात जातात अन एवढ्या थंडीत तासभर चालवलं की त्यातही बोटांची टोकं गार पडतातच. मूठच गरम करणारे हीटेड ग्रिप पण मिळतात, बाहेर देशात मोठ्या बाईकला कंपनीतूनच येतात. पण त्यानं तळहात शेकतो, हाताची पाठ वाऱ्यातच राहते, शिवाय लहान गाडीच्या बॅटरीवर लोड. हँडल कव्हरमधे वारंच हातापर्यंत येत नाही. चीन-कोरियाकडं डिलिव्हरीवाले सगळे हेच लावून फिरतात, अमेरिकेत हिप्पो हँड्स म्हणून मिळतात ते पण हेच.

ऑनलाईनचे कव्हर साधारण पाचशेला पडले. फोटोत लै भारी, मऊ, काळे, आतून फर. लावल्यावर शहरात काहीच तक्रार नाही, हात खरंच गरम. पण गावाबाहेर स्पीड धरला की कापड वाऱ्यानं मागं दबतं अन थेट ब्रेक लिवरवर बसतं. मागून येणाऱ्या दोस्तानं सांगितलं की तुझा ब्रेक लाईट सारखा लागलेलाच दिसतोय. डाव्या बाजूला तेच क्लचला, लिवर थोडा दबलेला राहिला की क्लच प्लेट घासत राहते अन घसरते. हात बाहेर काढला की कव्हरचं तोंड मिटून जातं, परत घालायला चाचपडावं लागतं, ते तर एकदम धोक्याचं. ज्यांनी असे मऊ कव्हर घेतलेत त्यांनी एकदा रात्री गाडीची मागची बाजू भिंतीकडं करून उभी करा, चावी चालू करून कव्हर मागं दाबा अन भिंतीवर लाल उजेड पडतो किंवा वाढतो का बघा.

मग स्टेशन रोडच्या बाजूला एक सीट कव्हरवाले चाचा आहेत, मशीन घेऊन बसतात, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी आधी गाडी स्टँडवर लावायला लावली, माझा हात मुठीवर ठेवला, ब्रेक पूर्ण दाबायला सांगितला, सोडायला सांगितला, अन खडूनं रेग्झिनवर खुणा केल्या. म्हणले, "मालक, लिवरला कापड लागलं नाई पाहिजे, बाकी सगळं जमतं." मला त्यांचं हे लै आवडलं, ऑनलाईनवाल्यानं जो विचार केला नव्हता तो यांनी पहिल्या मिनिटात केला. बाहेरून सीटचंच जाड रेग्झिन, मधे फोम, आतून जुन्या ब्लँकेटचा तुकडा. अन खरी करामत म्हणजे ५ लिटरच्या तेलाच्या कॅनचं प्लास्टिक कापून पट्ट्या केल्या अन रेग्झिन अन फोमच्या मधे समोरच्या बाजूला अन तोंडाला गोल शिवल्या. त्यामुळं वारं कितीही असो कव्हर दबत नाही अन तोंड कायम उघडं राहतं, न बघता हात आत जातो. आरशाच्या दांडीसाठी वरून चीर, तिथं चिटकपट्टी (वेल्क्रो), खाली नाडी. साडेतीनशे रुपये जोडी, दुसऱ्या दिवशी तयार.

फरक विचाराल तर आता आतमधे साधे सुती हातमोजे घालतो, कधी तेही नाही, अन मानवतला उतरल्यावर लगेच कुलुपाला चावी लागते. आधी टपरीवर चहाचा ग्लास धरून बोटं मोकळी करावी लागायची.

कमी काय आहे तेही सांगतो. दिसायला गाडी फवारणीवाल्याची वाटते, कॉलेजच्या पोरांना आवडणार नाही. हॉर्नचं बटन पहिले काही दिवस सापडत नाही, त्यामुळं आधी मोकळ्या मैदानात हात आत-बाहेर करायची सवय करा, मगच रोडवर या. दवानं आतलं ब्लँकेट ओलसर होतं अन वाळायला वेळ लागतो, रात्री काढून घरात ठेवलेलं बरं. चिटकपट्टीत धूळ अन कापसाचा तूस बसून ती ढिली पडते, मी ती चाचांकडून बदलून बटन लावून घेतले, त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. अन शेतात, गोठ्यात गाडी लावणाऱ्यांना खास सांगणं, हात घालायच्या आधी कव्हर बाहेरून दोन थापा मारून झटकून घ्या. उबदार अंधारी जागा आहे, इंचू-इंगळी बसायला वेळ लागत नाही.

बाकी अंगाचं थोडक्यात. लोक दोन स्वेटर घालतात अन तरी काकडतात, कारण लोकरीतून वारं सरळ आत जातं. एकच स्वेटर घाला अन त्याच्यावर रेनकोटचं जॅकेट चढवा, पावसाळ्यातलं घरात पडलेलंच असतं, नवीन काही घ्यायचं काम नाही. लोकर ऊब धरते अन रेनकोट वारं अडवतो, दोन्ही लागतं. तेही नसलं तर शर्टाच्या आत छातीला पेपर लावा, सायकल शर्यतीतले लोक घाट उतरताना हेच करायचे. छाती गरम राहिली की बोटांना पण रक्त जातं. गळा उघडा ठेवू नका, जॅकेटची चैन वरपर्यंत लावली तरी तिथून वारं शिरतं, शेला गुंडाळून त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा. बाहेर लोंबती ठेवू नका. नाकावर दस्ती बांधली तर हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, काच बोटभर उघडी ठेवली की जाते.

गुडघ्यासाठी लेगगार्डला रेग्झिन बांधायची पद्धत आपल्याकडं आहेच, पण पूर्ण पडदा करू नका. स्प्लेंडरसारख्या गाडीचं इंजिन वाऱ्यानंच गार होतं, समोरून सगळं झाकलं तर इंजिन तापतं, अन दुपारी परत येताना जास्तच. दोन्ही बाजूला वेगळे तुकडे अन मधली जागा मोकळी, असं शिवून घ्या. मी हे पण चाचांकडूनच केलं, दीडशे रुपये.

ज्यांना करायचं आहे त्यांनी दिवाळी झाली की लगेच जावं, डिसेंबरात लाट आली की सगळे एकदम जातात अन मग चार-पाच दिवस लागतात. गाडी सोबत न्या, मापं सांगून शिवायला टाकू नका. रोज जे हातमोजे घालता ते घालूनच माप द्या, अन घेताना तिथंच हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, कव्हर टाकीला घासत असेल तर तेवढं कमी करून घ्या.