आठ महिने, सहा हजार किलोमीटर: जुनी स्पोर्ट्स कार, गिअरबॉक्सची घरघर आणि निळा धूर

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दरवाजे, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, ओढ मागच्या चाकांवर. मी तिसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं रडगाणं कंपनीचं नाही. तेरा वर्षांचं वय आणि आधीच्या दोघांचे हात, एवढाच हिशोब. घरी आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यात बसायचं कुठं?"

आधी चांगलं सांगतो. वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जी खेचते, त्यासाठी बाकी सगळं माफ करावंसं वाटतं. गिअरचा दांडा आखूड, मनगट हललं की गिअर पडतो. स्टिअरिंग जड आहे, पण पुढची चाकं कसल्या रस्त्यावर आहेत हे तळहाताला कळतं. मायलेज शहरात १०, हायवेला १४. डिकीत दोन पिशव्या मावतात. गतिरोधकावर तिरकी घातली नाही तर पोट घासतं. एसी उत्तम. झालं, आता मूळ विषय.

नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या. एका संध्याकाळी दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो, काच खाली होती. ट्रॅक्टरवरचं गाणं संपलं आणि पुढचं सुरू व्हायच्या आत मला माझीच गाडी ऐकू आली. जात्यात दाणे संपल्यावर दगडावर दगड फिरावा तशी घरघर. त्याच आठवड्यात पन्हाळ्यावरून परत येताना मागून बाईकवर आलेला मित्र म्हणाला, "भावा, तुझी गाडी धूर सोडत्या. निळा."

हायवेलगतच्या एका चकाचक गॅरेजात नेली. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड आला नाही. येणार कसा? बेअरिंगला आणि व्हॉल्व्ह सीलला (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत गळू न देणाऱ्या रबराला) सेन्सर नसतो. तरी संध्याकाळी कागद हातात आला: इंजिन पूर्ण खोलायचं, रिंग-पिस्टन नवे, गिअरबॉक्स अख्खा बदलायचा, दोन लाख ऐंशी हजार. गाडी कुणी चालवून बघितली नव्हती. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मशिनशॉप बघतो. दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनचे स्पिंडल ऐकायचे आणि स्वतःच्या गाडीचा आवाज महिनाभर गाण्याखाली दडवायचा, याची लाज वाटली ती वेगळीच.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मी आवाजाची नक्कल करून दाखवायला लागलो तसं त्यांनी हात वर केला. "आवाज कसला हाय ते सांगू नगा. कवा येतोय ते सांगा. क्लच दाबल्यावर, का सोडल्यावर? कुठल्या गिअरात? आठ दिवस वहीत लिवा आन् मग या."

या आठ महिन्यांत गाडीवर केलेला सगळ्यात उपयोगी खर्च म्हणजे ती दहा रुपयांची वही.

आठ दिवसांत जे कळलं ते असं. दसरा चौकातल्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला: घरघर चालू. क्लच दाबला: बंद. म्हणजे इंजिन फिरतंय तोवर क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतो आणि आवाज येतो. क्लच दाबून तो थांबवला की आवाजही थांबतो. संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर. याच्या उलट, पेडल थोडंसं दाबलं की एक बारीक चिवचिव सुरू व्हायची, आणि ती क्लच बेअरिंगची. दोन आवाज, दोन वेगळे भाग, आणि मी महिनाभर त्यांना एकच समजत होतो.

वहीतली खरी गंमत चौथ्या गिअरची. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात घरघर येते, चौथ्यात जवळजवळ गप्प. मिस्त्रींनी ही ओळ दोनदा वाचली आणि हसले. अशा गिअरबॉक्समध्ये चौथा म्हणजे थेट गिअर: आत येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकमेकांना जोडले जातात, जेवढे फेरे आत तेवढेच बाहेर. खालचा जोडशाफ्ट फिरतो खरा, पण त्याच्यावर भार नसतो. बाकी प्रत्येक गिअरमध्ये ताकद त्याच्यातून वळसा घेऊन जाते. तेव्हा चौथ्यात आवाज दबतो म्हणजे दुखणं वळशाच्या वाटेवर आहे. डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीचं) किंवा चाकाचं असतं तर त्याला गिअरशी देणंघेणं नसतं, नुसत्या वेगाबरोबर वाढलं असतं.

मग ऑइल काढलं. ड्रेनच्या बोल्टला चुंबक असतं, त्यावर राखाडी लगदा होता. तेवढा चालतो; तुकडे दिसले तर घाबरायचं. पण पितळ चुंबकाला चिकटत नाही. म्हणून मिस्त्रींनी ऑइल स्टीलच्या ताटलीत घेऊन उन्हात धरलं, आणि त्यात सोन्याच्या पाण्यासारखी झाक दिसली. ती सिंक्रो रिंगांची झीज; गिअर पडताना आतल्या भागांचा वेग जुळवतात त्या या पितळी रिंगा. आधीच्या मालकाने डिफरन्शियलचं, जीएल-५ दर्जाचं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतलं होतं. त्यातली गंधक-फॉस्फरसची भर डिफरन्शियलच्या दात्यांना हवी असते, पण पितळी रिंगांना ती सोसेलच असं नाही, आणि रिंगेला पकड मिळायला हवी तिथं ती घसरते. थंड गाडीत तिसरा टाकताना 'खर्र' व्हायचं त्याचं मूळ इथं होतं. या गिअरबॉक्सच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलंय. जुनी गाडी घेणाऱ्याने आधी हे पान उघडावं, गाणी वाजवायची सिस्टिम नंतर.

गिअरबॉक्स उतरवला. आत येणाऱ्या शाफ्टचं आणि जोडशाफ्टचं पुढचं, दोन्ही बेअरिंग गेली होती, एकाच्या वाटीवर खड्डे. बाहेरच्या कडेवर नंबर कोरलेला: ६३०६. त्याच नंबरची, कडेला रिंगेची खाच असलेली बेअरिंग शाहूपुरीतल्या दुकानात मिळाली. बेअरिंगला गाडीचं नाव माहीत नसतं, नंबर माहीत असतो. क्लचप्लेट आणि क्लच बेअरिंग मात्र मागवावी लागली, त्यात तीन आठवडे गेले. तिसऱ्याची सिंक्रो रिंग मिळाली नाही ती नाहीच.

आता धूर. धुरालाही तोच प्रश्न विचारायचा: कधी? माझ्या वहीत दोन वेळा होत्या. सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपका, मग स्वच्छ. आणि पन्हाळ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरत वाघबीळला आलो आणि रत्नागिरी रस्त्याला लागताना पाय दिला की दुसरा भपका. चढताना, पूर्ण जोर लावूनही, काही नाही. मिस्त्रींनी तिथंच सांगितलं की पिस्टनच्या रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह सील. रिंगा गेल्या तर जोर लावताना निळं निघतं. उतारावर थ्रॉटल बंद असतो, इंजिन आत हवा ओढायला धडपडतं आणि कडक झालेल्या सीलमधून ऑइल खाली येतं. पुढच्या रेसला ते जळतं. रात्रभर उभ्या गाडीतही तेच झिरपून साठतं.

तरी माझ्या समाधानासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे चारही सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये मोजलं: १७२, १७०, १७४, १६९. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, आकडे फारसे हलले नाहीत. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट भरून ते चढले असते. सोळा सील बदलायला इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेडसुद्धा उतरवलं नाही. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, पिस्टन हाताने वर आणायचा. दोरीचा बोळा व्हॉल्व्हला खालून टेकू देतो आणि वरची स्प्रिंग काढता येते. दोन दिवस लागले. आधी हजार किलोमीटरला सहाशे मिली ऑइल जायचं, आता शंभरच्या आसपास. या सगळ्या काळात पीयूसी मात्र बिनबोभाट पास होत होतं, कारण तिथं गाडी उभ्या जागी तपासतात, पन्हाळ्याच्या उतारावर नाही.

मध्येच डिसेंबरात पांढऱ्या धुराने एकदा घाम फोडला. राधानगरीला पहाटे गाडी चालू केली आणि मागे ढग. हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं आणि कुलंट आत जळतंय म्हणून मी बायकोला फोनही केला. दहा मिनिटांत ढग विरला, कुलंटची पातळी तसूभर हलली नव्हती, गोडसर वासही नव्हता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, थंड सायलेन्सरमध्ये ते वाफेसारखं दिसतं. फोन परत करून सांगावं लागलं.

एकूण बिल मजुरीसकट ५४ हजार. दोन लाख ऐंशीच्या कागदाची मी होडी करणार होतो, पण तो वहीत ठेवलाय.

ही गाडी घ्यावी का? रोज ऑफिसला जायला नको. वेळ, एक भरवशाचा मिस्त्री आणि घरात दुसरी गाडी असेल तर घ्या. मला पश्चात्ताप नाही, पण माझी ओळख आता "धुराची गाडीवाला" अशी झाली आहे. तिसरा गिअर थंडीत अजून खरखरतो. मी डबल क्लच मारतो (मध्ये न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबतो) आणि पहिले दोन-तीन किलोमीटर घाई करत नाही. आबा एकदा बसले, वाघबीळपर्यंत. उतरताना मी आणि मित्राने हात देऊन ओढून काढलं.

वहीत परवाची नोंद आहे: साठच्या पुढे गुणगुण. कुठल्याही गिअरात, न्यूट्रलमध्येही. क्लचचा फरक नाही. डावीकडच्या वळणावर वाढते, उजवीकडे कमी होते. उजवं मागचं चाक, बहुतेक. रविवारी उद्यमनगर.